फुगलेली पॉवर बँक न्यायला कोण येतं? पुण्यातल्या एका ई-कचरा पिकअप सेवेचा रिव्ह्यू

पाचपैकी साडेतीन. एक अख्खा स्टार कापलाय तो अ‍ॅपसाठी आणि अर्धा सर्टिफिकेटसाठी, बाकी जो मुलगा प्रत्यक्ष दारात आला त्याला मी वेगळे पाच देते. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण तक्रारीही लिहिणार आहे आणि कौतुकही, आणि कौतुक केलं की लोकांना लगेच वाटतं हिला पैसे मिळाले असणार. शिवाय अशा सेवा आता पुण्यामुंबईत बऱ्याच झाल्यात, सगळ्यांचं अ‍ॅप हिरवं, सगळ्यांच्या लोगोत एक पान, सगळ्यांच्या पहिल्या स्क्रीनवर पृथ्वी वाचवा. त्यातली बरी कुठली आणि नुसती गोणी भरून नेणारी कुठली हे ओळखायचं कसं, मला त्यात जास्त इंटरेस्ट आहे.

माझा निकष एकच आहे, बॅटरी हातात घ्यायच्या आधी ते काय विचारतात. किलो किती एवढंच विचारलं तर तो भंगारवालाच, मग अ‍ॅप कितीही हिरवं असू दे. फुगलीय का, पडली होती का, टोकं झाकलीत का असं विचारलं तर समजायचं की आपण काय उचलतोय हे त्याला माहितीय.

आधी माल काय होता ते सांगते. एक पॉवर बँक, मधोमध टम्म फुगलेली, दोन्ही बाजूंचं प्लास्टिक सुटून फट पडलेली. जुने मोबाईल, त्यातल्या एकाचा स्क्रीन आतूनच उचलला गेलेला म्हणजे त्याचीही बॅटरी फुगलेलीच. जुने लॅपटॉप, बंद पडलेला ट्रिमर, नेकबँड, इअरबडच्या डब्या, लाईट गेल्यावर चालू राहतात ते इन्व्हर्टर बल्ब, मच्छर मारायची बॅट, रिमोटच्या गाडीतला तीन सेलचा जोड, आणि एक गळ्यात अडकवायचा पंखा जो एका उन्हाळ्यातच गेला. हे सगळं माझ्या एकटीचं नाही हां, मी सोसायटीच्या कमिटीवर आहे, ग्रुपवर नुसतं विचारलं की कोणाकडे बंद पडलेल्या बॅटऱ्या पडल्यात का, तर लोकांनी ड्रॉवर उपसून आणून दिलं. आणि गंमत म्हणजे अर्ध्या लोकांना ट्रिमरमध्ये किंवा बल्बमध्ये लिथियमची बॅटरी असते हेच माहीत नव्हतं, बॅटरी म्हणजे मोबाईलची किंवा इन्व्हर्टरची एवढंच डोक्यात. मग बल्ब गेला की तो जातो सुक्या कचऱ्यात, आणि खरी गडबड तिथेच सुरू होते.

गडबड काय ते थोडं सविस्तर सांगते कारण ते कळल्याशिवाय या सेवेतलं काय चांगलं आणि काय टुकार ते कळणार नाही. लिथियम-आयन सेलच्या आत दोन पातळ पट्ट्या असतात, एक तांब्याची, एक अ‍ॅल्युमिनियमची, त्यावर लेप असतो, आणि दोन्हीच्या मध्ये प्लास्टिकची एक फिल्म, साधारण २० मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसापेक्षाही पातळ. सगळं गुंडाळून किंवा घड्या घालून ठेवलेलं आणि पेट घेणाऱ्या द्रवात भिजलेलं. दाब पडला, वाकलं, खिळा घुसला की ती फिल्म फाटते, आत शॉर्ट होतो, सेल तापतो, १३० अंशांच्या आसपास फिल्म वितळायला लागते मग शॉर्ट आणखी वाढतो, आणि एका टप्प्यानंतर ते आपोआप चालू राहतं, बाहेरून काही करायची गरज उरत नाही, याला थर्मल रनअवे म्हणतात. मोबाईल-लॅपटॉपमध्ये असते तसल्या कोबाल्टवाल्या बॅटरीत तर कॅथोडमधूनच, म्हणजे बॅटरीच्या प्लस बाजूच्या लेपातूनच, ऑक्सिजन सुटतो, म्हणून वर पोतं टाकून कोंडून ती विझत नाही. धूर निघतो त्यात हायड्रोजन फ्लोराईड असतो, फुप्फुसाला अत्यंत वाईट. आणि विझली असं वाटल्यावर काही तासांनी परत पेटू शकते, हा भाग लोकांना खरा वाटत नाही पण तसं होतं.

आता हीच वस्तू कचऱ्याच्या गाडीत कल्पून बघा. कॉम्पॅक्टरचं काम काय, तर कचरा दाबून दाबून कमी जागेत बसवणं. हायड्रॉलिकची प्लेट येते आणि सगळं चेपते, आणि बॅटरीला नेमकं तेच चालत नाही. भोवती पुठ्ठा, पिशव्या, थर्माकोल, म्हणजे जळायला एकदम तयार. ब्रिटनमध्ये तिथल्या अग्निशमन प्रमुखांच्या परिषदेने आणि मटेरियल फोकस नावाच्या संस्थेने २०२४ मध्ये आकडा दिला होता की वर्षभरात कचऱ्याच्या गाड्या आणि कचरा केंद्रांमध्ये बॅटऱ्यांमुळे १,२०० पेक्षा जास्त आगी लागल्या, २०२२ मध्ये तोच आकडा ७०० च्या आसपास होता. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २०१३ ते २०२० चा हिशोब काढला त्यात ६४ केंद्रांवर मिळून २४५ आगी निघाल्या. आणि ही झाली मशीनने कचरा निवडणाऱ्या देशांची गोष्ट. आपल्याकडे सुका कचरा हाताने निवडला जातो, पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई घरोघरी येऊन नेतात आणि मग बसून एकेक वस्तू वेगळी करतात. म्हणजे दाबली गेलेली बॅटरी गाडीत पेटली नाही तर ती कोणाच्या तरी मांडीसमोर पेटणार. आपल्याकडच्या डेपोच्या आगी म्हटलं की सगळे मिथेनचं नाव घेतात, ओल्या कचऱ्यातून तो निघतोच, खोटं नाहीये, पण मिथेन आपणहून पेटत नाही, त्याला काहीतरी पेटतं लागतं.

असो, रिव्ह्यूवर येते.

पिकअप सेवेच्या आधी मी दुसरीकडे विचारून बघितलं होतं. भंगारवाला मोबाईल आनंदाने घ्यायला तयार, लगेच भाव पण सांगितला, पॉवर बँकला वजनावर पैसे देतो म्हणाला आणि उचलून थेट गोणीत टाकली, गोणीत आधीच कुकरचं झाकण, नळाचे तुकडे आणि लोखंडी सळ्या. मी म्हटलं दादा राहू दे, परत द्या. त्याला राग आला, भाव कमी वाटला का विचारत होता. त्याचंही चुकत नाही म्हणा, त्याला कोणी सांगितलंय, आणि मोबाईलच्या बॅटरीत कोबाल्ट असतं त्यामुळे तिला गिऱ्हाईक मिळतं, जुने गोल सेल परत स्वस्तातल्या पॉवर बँकमध्ये जाऊन बसतात हे पण उघड गुपित आहे.

एका मोबाईल ब्रँडच्या सर्विस सेंटरमध्ये पण गेले. तिथे ई-वेस्टची पेटी होती, दिसायला छान, पण आत बघितलं तर चार्जर, वायरी, हेडफोन आणि सुट्या बॅटऱ्या सगळं एकत्र, म्हणजे वायरीच्या उघड्या टोकांवर बॅटऱ्या. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, मॅडम आमच्या ब्रँडची असेल तर टाका, फुगलेली असेल तर आणू नका. मग फुगलेली न्यायची कुठे, तर ते तिला माहीत नाही. माझ्या मते हाच सगळ्यात मोठा घोळ आहे, धड असलेली बॅटरी घ्यायला सगळे तयार, जी खरोखर घातक झालीय तिला कोणी दारात उभं करत नाही, मग ती लोकांच्या ड्रॉवरमध्ये पडून राहते किंवा गुपचूप सुक्या कचऱ्याच्या पिशवीत जाते.

म्हणून मग अ‍ॅप. आणि अ‍ॅप म्हणजे वैताग. टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीन, लॅपटॉप असे फोटो आहेत, बॅटरीवर दाबलं तर कार बॅटरी आणि यूपीएस बॅटरी एवढे दोनच पर्याय, दोन्ही लेड-अ‍ॅसिड, म्हणजे शिसं आणि अ‍ॅसिडवाल्या, लिथियमचं नावच नाही. शेवटी इतरमध्ये जाऊन टाईप केलं तर लगेच ऑटोमॅटिक मेसेज, तुमच्या वस्तूंची अंदाजे किंमत अमुक रुपये, अभिनंदन. अहो फुगलेल्या पॉवर बँकेचं कसलं अभिनंदन. रिवॉर्ड पॉइंट पण मिळतात, त्यातून कुठल्यातरी पिझ्झाचं कूपन. फुगलेली आहे का हा साधा प्रश्न अख्ख्या अ‍ॅपमध्ये नाही, फोटो टाकायची सोय आहे पण फोटो कोणी बघत नाही. कॉल सेंटरवाल्याने विचारलं चालू आहे की बंद आहे, मी म्हटलं फुगलीय, तो म्हणाला म्हणजे बंद लिहू का. लिहा बाबा.

वेळ सकाळची दिली होती, टेम्पो आला दुपार उलटल्यावर. पण आला तो मुलगा मात्र वेगळाच निघाला. वर यायच्या आधी त्याने टेम्पो सावलीत हलवला, मला वाटलं उन्हाचा कंटाळा, नंतर कळलं मागे माल आहे म्हणून. दारातच म्हणाला, मॅडम, फुगलेलं काही आहे का, ते आधी दाखवा. मी पॉवर बँक गॅलरीत फरशीवर ठेवली होती, आजूबाजूला काही नाही अशी, ते बघून म्हणाला बरं केलंत. मग विचारलं, इतक्यात चार्जिंगला लावली होती का? पडली होती का? पाण्यात गेली होती का? खाली वाकून वास घेतला, आतला द्रव बाहेर आला असेल तर गोडसर वास येतो म्हणे. हात लावायच्या आधी हातमोजे आणि चष्मा. पिशवीतून पत्र्याचा डबा काढला, तळाला कोरडी वाळू, पॉवर बँक त्यात अलगद ठेवली, वरून परत वाळू, झाकण ठेवलं पण घट्ट लावलं नाही. मी विचारलं घट्ट का नाही, तर म्हणाला गॅस झाला तर बाहेर निघायला नको का, घट्ट लावलं तर डबाच उडेल.

मग बाकीचं. सुट्या बॅटऱ्यांच्या टोकांना टेप लावायला बसला. मी उत्साहाने काळी वायरटेप आणून दिली, चालेल म्हणाला, पण त्याने त्याची पारदर्शक टेप वापरली, कारण काळ्या टेपखाली लेबल झाकलं गेलं तर पुढे निवडणाऱ्याला कळत नाही की लिथियम आहे, निकेलवाली आहे का आणखी काही. एवढी साधी गोष्ट, पण ज्याने तिकडचं काम बघितलंय त्यालाच सुचणार. टेप लावून प्रत्येक बॅटरी वेगळ्या छोट्या प्लास्टिकच्या पाऊचमध्ये. मोबाईलमधल्या बॅटऱ्या मी काढून ठेवू का विचारलं तर एकदम नाही म्हणाला, ज्याच्यात मुळात झाकण उघडून निघते तेवढीच काढा, चिकटवलेली असेल तर उचकटू नका, चाकू लावून बॅटरी काढताना पेटल्याची केस त्यांच्याकडे झाली होती. स्क्रीन उचललेला मोबाईल पण वाळूच्या डब्यातच गेला.

ट्रिमर आणि नेकबँडच्या बाबतीत तो म्हणाला की शक्य असेल तर बंद पडेपर्यंत चालवून मग द्यायचं, चार्ज जितका कमी तितका भडका लहान. फुगलेल्याला मात्र हा नियम लावायचा नाही, ती ना चालवायची ना चार्ज करायची. मी इंटरनेटवर वाचलं होतं की मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवली की बॅटरी रिकामी होते, ते सांगितल्यावर तो हसला, म्हणाला आमच्या एका कस्टमरने बादलीत घातली होती, टोकं गंजून गेली, पाणी घाण झालं आणि बॅटरीत चार्ज तसाच. घरी कोणी हे करू नका. आणि फुगलेली टाचणीने टोचून हवा काढायचा प्रकार तर अजिबातच नाही, ती हवा नसते, आतल्या द्रवाचं विघटन होऊन झालेला गॅस असतो आणि तो पेट घेतो.

घड्याळातले पेन्सिल सेल त्याने वेगळ्या पिशवीत घेतले, त्यांचा आगीचा धोका फारसा नाही. चौकोनी नऊ व्होल्टच्या बॅटरीला मात्र टेप लावली कारण तिची दोन्ही टोकं शेजारी-शेजारी असतात, किल्ली किंवा नाणं लागलं की तापते. नाण्याएवढे चपटे सेल, रिमोटमध्ये आणि खेळण्यात असतात ते, दोन्ही बाजूंनी टेप. त्याबद्दल एक माझ्याकडून, हे सेल आगीपेक्षा लहान मुलांसाठी जास्त वाईट आहेत, गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला लागतं, त्यामुळे काढलेला सेल टीपॉयवर ठेवून देऊ नका, लगेच टेप आणि लगेच उंचावर.

तळमजल्यावरच्या काकांनी मध्येच त्यांच्या ई-स्कूटरची जुनी बॅटरी नेतोस का विचारलं. मला वाटलं आता हा लालचीने हो म्हणेल कारण वजन दांडगं, पण त्याने सरळ नाही सांगितलं. म्हणाला काका, ती आमच्या टेम्पोतून नाही नेता येत, डीलरला फोन करा, त्यांची माणसं येऊन नेतात आणि तोवर ती जिन्याखाली ठेवू नका. काकांना पटलं नाही, कुरकुर केली, पण माझ्या दृष्टीने हा नकार म्हणजे पावती आहे की याला आपली हद्द कळते. जिन्याखाली ठेवू नका हे तर मी सोसायटीत घसा कोरडा होईपर्यंत सांगतेय, आग लागली की पळायचा रस्ता तोच.

पैशांचं बोलायचं तर ठरावीक वजनाच्या खाली माल असेल तर ते उलट तुमच्याकडून पिकअपचे पैसे घेतात, शंभर-सव्वाशे रुपये. माझ्या मालात जुने लॅपटॉप होते म्हणून वजन भरलं, नाहीतर नुसत्या बॅटऱ्यांचं कितीसं वजन होणार. यावर शेजारणीचं म्हणणं की आपणच कचरा द्यायचा आणि आपणच पैसे पण द्यायचे का, भंगारवाला तर पैसे देतो. मला हे पैसे योग्य वाटले. पॉवर बँकमधल्या काही प्रकारच्या सेलमध्ये, लोखंड-फॉस्फेटवाल्या, ना कोबाल्ट ना निकेल, त्यातून फार काही सुटत नाही, तरी ती सुरक्षित न्यायला टेम्पो, वाळू, माणूस सगळं लागतंच. फुकट नेणारा कुठून वसूल करतो हा प्रश्न मला जास्त पडतो.

आता अर्धा स्टार जिथे गेला ते सर्टिफिकेट. दोन दिवसांत मेलवर पीडीएफ आली, रंगीत, झाडाचं चित्र, तुम्ही इतका कार्बन वाचवलात वगैरे. मालाच्या रकान्यात फक्त ई-वेस्ट मिक्स्ड आणि किलो. बॅटऱ्यांचा उल्लेखच नाही. हे मला खटकलं कारण बॅटऱ्यांचे नियम वेगळे आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट नियम आणले, त्याआधी २००१ चे जे होते ते फक्त लेड-अ‍ॅसिडपुरते, लिथियमला कोणी विचारतच नव्हतं. नव्या नियमात सगळ्या प्रकारच्या बॅटऱ्या आल्या, आणि जी कंपनी बॅटरी विकते तिच्यावरच ती परत गोळा करून रिसायकल करायची जबाबदारी, यालाच ईपीआर म्हणतात. वापरलेली बॅटरी जमिनीत पुरायला आणि जाळायला बंदी. आपल्यासारख्यांनाही त्यात सांगितलंय की बॅटरी घरच्या मिक्स कचऱ्यात टाकायची नाही, वेगळी करून गोळा करणाऱ्याला द्यायची. बॅटरीवर चाकाच्या कचरापेटीवर फुली मारलेलं छोटं चित्र असतं ना, ते त्यासाठीच, इतकी वर्षं बघतोय पण कोणी लक्ष देत नाही. रिसायकल करणाऱ्यांना मोबाईल-पॉवर बँकच्या वर्गातल्या बॅटऱ्यांतून २०२६-२७ पासून ९० टक्के माल परत काढायचं बंधन आहे. म्हणजे कागदावर सगळं आहे. मग सर्टिफिकेटवर बॅटरी किती किलो, कुठल्या रिसायकलरकडे गेली, त्याची प्रदूषण मंडळाकडे नोंदणी आहे का, एवढं तरी लिहा. मी मेल करून विचारलं. उत्तर आलं की रिसायकलर नोंदणीकृत आहे, नंबर पण पाठवला, आणि बॅटऱ्यांची वेगळी नोंद पुढच्या वेळेपासून करू. नंबर पाठवला म्हणून अर्धाच कापला, नाहीतर पूर्ण जात होता.

तिकडे पुढे काय होतं हे त्या मुलालाच विचारलं होतं टेप लावताना. आधी प्रकारानुसार निवडतात, मग उरलेला चार्ज काढून टाकतात, मग बंद मशीनमध्ये, हवा लागू न देता बारीक करतात, तांबं, अ‍ॅल्युमिनियम, प्लास्टिक वेगळं होतं आणि उरते काळी पावडर, तिला ब्लॅक मास म्हणतात, त्यात लिथियम, कोबाल्ट, निकेल, मँगेनीज, ग्रॅफाईट सगळं. त्यातून रसायनं वापरून एकेक धातू वेगळा. तो स्वतः बोटं दाखवून म्हणाला, काळं हाताला लागलं की दोन दिवस जात नाही. (हातमोजे घाल की मग, मी म्हटलं, तर म्हणे तेव्हा नवीन होतो.)

पिकअप झाल्यावर सोसायटीत काय केलं ते पण लिहिते कारण बऱ्याच जणांना तेच विचारायचं असतं. दर वेळी टेम्पो बोलवणं परवडत नाही, साठवून मग बोलवायचं, तर साठवायचं कुठे. पहिली सूचना आली मीटर रूममध्ये. मीटर रूममध्ये! जिथे बिल्डिंगची सगळी वीज येते तिथे बॅटऱ्यांचा डबा. दुसरी सूचना लॉबीतली छान प्लास्टिकची पेटी, ऑनलाईन मिळते, वर रिसायकलचं चिन्ह. मी दोन्ही हाणून पाडल्या. शेवटी कंपाउंडच्या आतल्या बाजूला, भिंतीपासून सुट्या, पत्र्याच्या शेडखाली जिथे पाऊस आणि ऊन दोन्ही लागत नाही तिथे एक पत्र्याचा डबा ठेवला, कुलूप लावून, किल्ली वॉचमनदादांकडे. कोणीही येऊन आपण टाकायचं नाही, त्यांना द्यायचं, ते टेप लावली का बघतात आणि मगच आत. फुगलेली असेल तर डब्यात नाही, शेजारी वाळूची बादली आहे तिच्यात, आणि मला फोन. बाजूला साध्या पाण्याच्या दोन भरलेल्या बादल्या पण आहेत, त्यावरून वाद झाला की लिथियमला पाणी चालत नाही, शाळेत शिकवलंय. शाळेत शिकवलं ते धातूच्या लिथियमबद्दल, मोबाईल-पॉवर बँकमध्ये तसा सुटा धातू नसतो, तिथे भरपूर पाणी हाच इलाज, कारण ज्वाळा विझवण्यापेक्षा सेल थंड करणं महत्त्वाचं. घरात पॉवर बँकमधून धूर यायला लागला तर मात्र शूरपणा नको, प्लगला असेल तर आधी बटण बंद, खिडक्या उघडा, माणसं बाहेर, धूर छातीत घ्यायचा नाही आणि १०१.

स्वच्छवाल्यांनी सॅनिटरी पॅडच्या पुडीवर लाल ठिपका काढायची मोहीम चालवली होती, निवडणाऱ्या ताईला उघडून बघायला लागू नये म्हणून. आमच्या डब्याची बातमी कळल्यावर आमच्या बिल्डिंगला येणाऱ्या ताई म्हणाल्या, पोरी, चुकून बॅटरीची वस्तू सुक्यातच द्यायची वेळ आली तर वर काहीतरी खूण करून वेगळी हातात दे, पिशवीत पुरून नको. त्यांना आम्ही सांगितलं सुक्यात द्यायचीच नाही, पण त्यांचा मुद्दा अगदी व्यवहारी आहे, बाकीच्या बिल्डिंगमधून येतच असणार ना.

मग ही सेवा परत बोलवणार का? हो, दिवाळीच्या आधी, कारण दिवाळीच्या साफसफाईत ड्रॉवर उघडले जातात आणि तेव्हाच सगळं कचऱ्यात जातं, शिवाय त्या दिवसांत लायटिंगच्या माळा आणि रिचार्जवाले दिवे गेले की तेही. बुकिंग अ‍ॅपवरून करणार नाही, फोनवरून, आणि पहिल्याच वाक्यात सांगणार की फुगलेल्या बॅटऱ्या आहेत, वाळूचा डबा असलेला माणूस पाठवा. तुम्ही दुसऱ्या कुठल्या कंपनीला बोलवत असाल तर हेच वाक्य फोनवर म्हणून बघा. वाळूचा डबा म्हणजे काय असं समोरून विचारलं तर फोन ठेवा आणि पुढच्या नंबरला लावा.

अ‍ॅप अजून तसंच आहे. काल परत उघडून बघितलं, बॅटरीवर दाबलं तर अजूनही कार आणि यूपीएसच. पिझ्झाचं कूपन मात्र नवीन आलंय.